परशुरामाचे पूर्वीचे धनी

जमिनीचा इतिहास पाहावयाचा तर तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असतो, फेरफार असतात. दागिन्यांचा इतिहास घरातील वडील बायकांस विचारावा. कोणते गोठ कोणाच्या माहेरचे, कोणती नथ कोणत्या दुष्काळात मोडली, हे सारे त्यांस मुखोद्गत असते. परंतु आकाशात उडणाऱ्या यंत्राचा इतिहास कोठे पाहावा, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे पडला नव्हता. मॅट्रिकपलीकडे आमचे शिक्षण नाही. पुढे जे शिकलो ते पाठशाळेत, आणि चाकरीची सारी वर्षे मुलांकडून शब्दांची व धातूंची रूपे घोटून घेण्यात गेली. यंत्रविद्येशी आमचा संबंध सायकलच्या पंपापुरताच. असे असूनही एका जुन्या दोन एंजिनांच्या विमानाने गेली काही वर्षे आमचे चित्त वेधून घेतले आहे. ते किती उंच उडते याचे आम्हांस फारसे कौतुक नाही. ते कोणाकोणाच्या मालकीचे होते, याचे मात्र आहे.

हे विमान सन २०१८ पासून भारतीय वायुसेनेकडे आहे. त्याची जात डकोटा, नाव 'परशुराम', आणि शेपटीवरचा क्रमांक व्हीपी ९०५. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या ४ तारखेस दिल्लीजवळील हिंडन येथील तळावर ते समारंभपूर्वक दाखल करून घेण्यात आले. वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आले, ते आम्ही कापून ठेविले. कारण काय, तर केवळ नाव. चिपळूणचा घाट चढताना ज्याच्या देवळापाशी लहानपणापासून हात जोडले, त्याचे नाव विमानावर दिसल्यावर कोकणातील कोणता मनुष्य पान उलटील? पुढे विमानांच्या दुरुस्तीच्या कामात असलेला आमचा एक पुतण्या सुटीवर आला, तेव्हा ते कात्रण त्याच्यापुढे टाकिले. त्याने जे सांगितले ते ऐकता ऐकता रात्रीचे बारा वाजले.

डकोटा हे त्या विमानास इंग्रजांनी दिलेले नाव. अमेरिकेतील डग्लस कंपनीचे हे विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. पुढे महायुद्ध आले आणि त्याच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांहून अधिक निघाल्या. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ९५ फूट. दोन एंजिने, प्रत्येकी १४ सिलिंडरांचे व १,२०० अश्वशक्तीचे. शेपटीखाली लहानसे चाक, त्यामुळे जमिनीवर उभे असता नाक वर करून बसलेले दिसते. आमच्या परशुरामाचा जन्म १९४४ चा. जन्मतःच त्यास ब्रिटिश वायुदलाचा केएन ३९७ हा क्रमांक मिळाला.

येथेच मालकीची पहिली गाठ आहे. हे विमान इंग्रजांनी विकत घेतले नव्हते, ते उसने आणिले होते. डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपल्या लोकांस समजाविले, की शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता आपण बागेची नळी देताना तिची किंमत मागत बसत नाही. आग विझल्यावर नळी परत आली म्हणजे झाले. पुढील मार्चात तसा कायदा झाला आणि जहाजे, विमाने, धान्य, सारेच उसनवारीने जाऊ लागले. आमच्या स्मृतिकारांनी अशा वस्तूस 'याचितक' म्हटले आहे. वापरावयास मागून आणलेली वस्तू वापरणाऱ्याच्या हाती असते, परंतु तिच्यावरचे स्वत्व देणाऱ्याचेच राहते. आता वाटीभर साखर उसनी नेणाऱ्या शेजारणीस ठाऊक असते, की साखर परत येते ती तीच नव्हे. तशीच गत येथे झाली. युद्ध संपल्यावर उरलेला माल परत नेण्यात अमेरिकेस स्वारस्य नव्हते. डिसेंबर १९४५ मध्ये दोन राष्ट्रांत तडजोड होऊन इंग्लंडने तो अल्प किमतीस ठेवून घेतला, आणि त्याचा व त्याबरोबर काढलेल्या मोठ्या कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला केव्हा? तर डिसेंबर २००६ मध्ये! म्हणजे ज्या पिढीने उसने आणिले ती बहुतेक काळाच्या उदरात गेली, विमाने मोडीत निघाली, आणि नातवंडांनी ऋण फेडिले. संयुक्त कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस यात नवल वाटू नये. आजोबांनी उचललेल्या रकमेची वहीतली शेवटची रेघ नातवाने ओढल्याची उदाहरणे कोणत्या घरात नाहीत?

युद्धानंतर अशी डकोटा विमाने स्वस्त झाली. आपल्या देशातही ती पुष्कळ आली, आणि त्यांच्या बळावर बऱ्याच विमान कंपन्या एकाएकी निघाल्या. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या टपालाची जी व्यवस्था सुरू झाली, तीत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या ठिकाणी परतत. ती विमानेही डकोटाच. आमच्या एका मामांची मुंजीची पत्रिका या मार्गाने कलकत्त्यास गेली होती, असे आजोळी मोठ्या अभिमानाने सांगत असत. असो, हे विषयांतर झाले.

केएन ३९७ हे विमान मात्र इंग्लंडातच नागरी झाले. लष्करी क्रमांक पुसला जाऊन त्यावर जी-एएमएसव्ही ही अक्षरे आली. या अक्षरांची तेथे सरकारी नोंदवही असते. आमचा पुतण्या म्हणाला, "अण्णाकाका, त्या वहीत नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होते असे नाही हं. विमानास जबाबदार कोण, एवढेच ती वही सांगते." आम्हांस मोठी मौज वाटली. आमच्या सातबाऱ्याचेही हेच नव्हे काय? त्यावर नाव असणे हा मालकीचा एक पुरावा, निर्णय नव्हे. ही गोष्ट न उमगल्यामुळे किती भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या झिजवून बसले आहेत!

पुढे हे विमान कॉव्हेंट्री येथील एअर अटलांटिक नावाच्या कंपनीकडे आले. या कंपनीने जुनी डकोटा विमाने दीर्घ काळ राबविली. माल वाहिला, हौशी उतारू फिरविले, आणि समुद्रावर तेल सांडले असता ते विरविणारे औषध फवारण्याचे कामही त्यांजकडून करून घेतले. सन १९९६ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर 'सी एम्प्रेस' नावाचे तेलवाहू जहाज खडकावर बसले, तेव्हा या म्हाताऱ्या विमानांनी तेथे फवारणी केली. ज्या जातीच्या विमानांतून १९४४ मध्ये छत्रीधारी सैनिक उतरले, तिने उतारवयात समुद्र धुण्याचे काम करावे, हे आम्हांस त्या शौर्याहून कमी वाटत नाही. २००८ मध्ये युरोपात उतारूंच्या विमानांविषयी नवे नियम आले. सुटकेच्या घसरगुंड्या, भक्कम दारे, हवामान दाखविणारी यंत्रे यांची सक्ती झाली. ती या जुन्या सांगाड्यास परवडण्याजोगी नव्हती, आणि कंपनीची डकोटातील उतारू वाहतूक संपली.

नंतर आमचे विमान आयर्लंडात मोडीच्या वाटेवर पडलेले आढळले. मोड हा शब्द ऐकला की आमच्या घरातील बायकांच्या पोटात गोळा येतो; तांब्यापितळेची किती भांडी मोडीत गेली त्याचा हिशेब नाही. विमानाची मोड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा भाव. तेथून ते २०११ मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी घेतले. हे गृहस्थ पुढारी व उद्योजक. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे वायुसेनेत डकोटाचे वैमानिक होते. पित्याने जे विमान चालविले त्या जातीचे एक विमान घेऊन, पुन्हा उडते करून, ते वायुसेनेस अर्पण करावे असा त्यांचा संकल्प. कॉव्हेंट्रीस त्याची दुरुस्ती सुरू झाली, ती पुष्कळ वर्षे चालली.

परंतु दान देणे सोपे, आणि घेववणे कठीण. त्यांनी प्रथम देऊ केले तेव्हा सरकारने ते स्वीकारिले नाही. पुढे गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असता होकार मिळाला. शास्त्रात याचा काथ्याकूट फार जुना आहे. आपले स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचे उत्पन्न करणे म्हणजे दान, एवढे सर्वांस मान्य. पण देणाऱ्याने 'न मम' म्हटल्यावर आणि घेणाऱ्याने हात पुढे करण्यापूर्वी, मधल्या क्षणी वस्तू कोणाची? मिताक्षराकार विज्ञानेश्वर आणि दायभागाचे जीमूतवाहन यांच्या वाटा या प्रश्नापाशीही फुटतात. विद्यार्थिदशेत आम्हांस हा वाद निव्वळ बुद्धीचा विलास वाटे. येथे तर एक ९५ फुटी वस्तू त्या मधल्या क्षणात कित्येक वर्षे लोंबकळत राहिली! अखेर १३ फेब्रुवारी २०१८ रोजी दानपत्र झाले. एप्रिलमध्ये विमान कॉव्हेंट्रीहून निघाले आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन, ओमान असे टप्पे घेत २५ एप्रिल रोजी जामनगरास उतरले.

नाव ठेवणाऱ्यांच्या मनात शौर्य असावे. परशू घेतलेला वीर म्हणजे लढवय्यांस साजेसे नाव. आम्हांस मात्र दुसरीच कथा आठवली. एकवीस वेळा पृथ्वी जिंकून परशुरामाने ती सर्वच्या सर्व कश्यपास दान दिली. मग कश्यप म्हणाला, आता ही भूमी माझी. येथे तुम्ही राहू नये. दिलेल्या वस्तूवर वस्ती कशी करावी? तेव्हा त्या दात्याने समुद्रास मागे हटवून राहण्यापुरती नवी भूमी मिळविली. महाभारत तिला शूर्पारक म्हणते, म्हणजे आजचे सोपारे. आम्ही कोकणचे लोक आमच्या साऱ्या किनाऱ्यास त्याचे क्षेत्र म्हणतो, आणि केरळचे लोक त्यांच्या. चंद्रशेखरांचे घराणे मूळ केरळचे. दान दिलेल्या विमानास त्या दात्याचे नाव पडले, हा योग जुळविला असो की जुळून आला असो, आम्हांस तो फार आवडला.

क्रमांकाविषयी मात्र आमचे मन तितके सहज निवळले नाही. व्हीपी ९०५ हा या विमानाचा मूळचा क्रमांक नव्हे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे पालमहून निघून पहिल्या शीख पलटणीच्या सैनिकांस श्रीनगरास उतरविणाऱ्या डकोटांत जे होते, त्याचा तो क्रमांक. त्या पलटणीचे नायक कर्नल रणजित राय त्याच दिवशी बारामुल्याच्या बाजूस धारातीर्थी पडले. त्या उड्डाणाचे स्मरण म्हणून या विमानाने तो क्रमांक धारण केला आहे. हेतू उत्तम, याविषयी वाद नाही. पाषाणाची मूर्ती म्हणजे देव नव्हे, हे जाणूनच आपण तिला देव म्हणतो. तरीपण मूर्ती कोणत्या खाणीतल्या दगडाची, हे सांगितल्याने देवाचे काही उणे होत नाही. 'तोच हा देवदत्त' हे वेदान्त्यांचे उदाहरण शिकविताना आम्ही मुलांस सांगत असू, की पूर्वी पाहिलेला व आता दिसणारा यांत भेद असला तरी व्यक्ती एक असते. येथे उलट आहे: दोन व्यक्ती, आणि चिन्ह एक. म्हणून त्या विमानाजवळ जी पाटी असेल तिच्यावर व्हीपी ९०५ च्या गौरवाखाली केएन ३९७ आणि जी-एएमएसव्ही हीही नावे असावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. उसनवारीचे दिवस, तेल धुण्याचे दिवस आणि मोडीची वाट, ही या विमानाची स्वतःची कमाई होय.

हे मत केवळ विमानापुरते असते तर आम्ही लिहावयास बसलो नसतो. सन २०१९ मध्ये आमच्या घरातील पोथ्यांचा प्रश्न निघाला. माळ्यावरच्या सागवानी पेटीत ११२ हस्तलिखिते, तांबड्या बासनांत बांधलेली. त्यांस कसर लागत चालली होती. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी किंमत देऊन गेला. ती ऐकून धाकटा भाऊ दोन दिवस बोलेनासा झाला, इतकी ती मोठी होती. आमचा विचार एका संशोधनसंस्थेस त्या विनामूल्य देण्याचा. संस्थेने दानपत्रावर सर्व हिस्सेदारांच्या सह्या मागितल्या. वडिलार्जित वस्तूवर पुत्राचे स्वत्व जन्मतःच उत्पन्न होते, हे विज्ञानेश्वरांचे मत आम्ही जन्मभर सांगत आलो. २००५ च्या कायद्याने ते कन्येसही लागू झाले, हे वकिलांनी सांगितले. एकूण ११ सह्या. दहा झाल्या. अकरावी मधल्या भावाच्या मुलीची.

ती आली, आणि सही करण्याऐवजी पेटी उघडून बसली. संध्याकाळी एक पोथी घेऊन आमच्यापाशी आली. तिच्या शेवटच्या पानावर आमच्या पणजोबांचे नाव, आणि त्याच्या वरच्या ओळीवर हरताळ. हा शब्द आज आपण निराळ्याच अर्थाने वापरतो. पण पोथीत चुकलेले अक्षर झाकावयास जो पिवळा रंग लावीत, तो हरताळ. काळाने तो विरळ झाला होता आणि खाली दुसऱ्या कोणाचे नाव वाचता येत होते. आडनाव आमचे नव्हे.

"अण्णाकाका, ही पोथी आपली कशी झाली?"

विकत घेतली असेल, गहाण पडली असेल, दक्षिणेत मिळाली असेल. आम्हांस ठाऊक नव्हते आणि सांगणारे कोणी उरले नव्हते.

"मग यादीत हे खालचे नावही लिहा. तर मी सही करीन."

धाकटा भाऊ उसळला. "खोडलेले नाव उकरून काढता, आणि उद्या त्या घरचा कोणी हक्क सांगत उभा राहिला म्हणजे? देणगी राहील बाजूला, आणि आपण सारे साक्षीच्या पिंजऱ्यात!"

त्याचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. वकिलांनीही ओठ मुडपले. पुतणी म्हणाली, "काका, आपलेच तेवढे द्यायचे असेल तर काय आपले हे आधी कळायला नको?" घरात तीन दिवस या एका वाक्यावरून जेवणे मुकाट्याने झाली. संस्था थांबणार नव्हती, पावसाळा तोंडावर होता, आणि व्यापाऱ्याचे माणूस पुन्हा येऊन गेले होते. शेवटी, घरातील वडील या नात्याने, यादी नव्याने करावी असे आम्ही ठरविले. भिंग घेऊन प्रत्येक पोथीचे शेवटचे पान तिने व आम्ही मिळून पाहिले. ११२ पैकी ९ पोथ्यांवर परक्या घरांची नावे निघाली. एकीवर तर एकाखाली एक तीन. त्यांतले एक आडनाव शेजारच्या गावचे होते, म्हणून तेथे जाऊन आलो. घराचे जोते तेवढे शिल्लक आहे आणि त्यावर फणस वाढला आहे. माणसे कोठे गेली ते गावात कोणास सांगता आले नाही. ती नऊच्या नऊ नावे यादीत गेली, अकरावी सही झाली, आणि पोथ्या पहिल्या पावसापूर्वी गाडीत चढल्या. हक्क सांगत अद्यापपर्यंत कोणी आलेले नाही. धाकटा भाऊ काही दिवस आमच्याशी कामापुरतेच बोलत असे.

परशुरामाची बातमी मधूनमधून येत राहिली. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनावरून ते दोन हेलिकॉप्टरे बरोबर घेऊन गेले. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी दोन डॉर्नियर विमानांसह गेले. त्या रचनेस टांगैल हे नाव होते. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातील टांगैल येथे आपले छत्रीधारी सैनिक उतरले, त्या कामगिरीत डकोटा विमानेही होती, त्याचे ते स्मरण. त्या सकाळी आमच्या घरी दूरदर्शनपुढे लहानथोर सारे जमले होते. पडद्यावर विमान आले तसा निवेदकाने त्याचा गौरव केला, आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. तेव्हा मागे खुर्चीवर बसलेला धाकटा भाऊ म्हणाला, "टाळ्या वाजवा, पण शेपटीवरचा आकडा त्याचा मूळचा नाही बरे का. आधीचा निराळा होता. तो अण्णांना विचारा."

मुले आमच्याकडे वळली. आम्ही केएन ३९७ सांगितला, मग जी-एएमएसव्ही. त्यांनी तो पाटीवर लिहून घेतला, आणि तोवर विमान पडद्यावरून निघून गेले होते.